पिल्लूं घेण्यापूर्वीं त्याची आई पाहावी

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत नवें शीतकपाट घ्यावयाचें ठरलें म्हणजे चार दुकानें हिंडून होतात, शेजाऱ्यांचा अनुभव विचारला जातो आणि हमीपत्र किती वर्षांचें आहे तें डोळ्यांत तेल घालून वाचलें जातें. त्याच घरांत कुत्र्याचें पिल्लूं येतें तें मात्र बहुधा एका संध्याकाळीं, अर्ध्या तासांत. मुलांनीं वर्षभर हट्ट धरलेला असतो. कोणाच्या तरी ओळखीचा मनुष्य टोपली घेऊन दारीं येतो. टोपलींत लोकरीच्या गुंड्यासारखें कांहीं तरी डोळे मिचकावीत बसलेलें असतें. धाकटी मुलगी तें उचलून छातीशीं धरते, आणि मग तें परत टोपलींत ठेवण्याचें धैर्य वडील माणसांनाहि होत नाहीं. किंमतीची थोडी घासाघीस होते, तेवढाच काय तो विचार. शीतकपाट बिघडलें तर कारागीर बोलावतां येतो, नाहीं तर तें मोडींत काढतां येतें. लॅब्रॅडॉरसारखें कुत्रें घरांत १०-१२ वर्षें राहतें. तेवढ्या मुदतींत ती धाकटी मुलगी शाळा संपवून महाविद्यालयांत जाते. इतक्या दीर्घ सहवासाचा निर्णय टोपलींत डोकावून घेतला जावा, ही मोठीच आश्चर्याची गोष्ट होय.

पुढें पस्तावा होतो तो पुष्कळदां कुत्र्याच्या जातीचा दोष म्हणून नव्हे, तर विकणारा मनुष्य ओळखतां न आल्यामुळें. पिल्लें विकणारा प्रत्येक जण पैदासकार नसतो. ज्याला बाजारांत ‘ब्रीडर’ म्हणतात तो वास्तविक कुत्री आणि कुत्रा यांची विचारपूर्वक निवड करणारा, कुत्रीचें बाळंतपण निभावून नेणारा आणि पिल्लें दोन महिन्यांचीं होईपर्यंत आपल्या छपराखालीं वाढविणारा मनुष्य होय. दलालानें यांतलें कांहींच केलेलें नसतें. तो चार ठिकाणचीं पिल्लें गोळा करतो आणि दहा ठिकाणीं पोंचवितो. अडचण अशी कीं, बोलण्यांत तो खऱ्या पैदासकाराहून अधिक गोड असतो, त्याच्यापाशीं पिल्लूं केव्हांहि तयार असतें, आणि हव्या त्या जातीचें, हव्या त्या रंगाचें असतें. खऱ्या पैदासकाराकडे बहुतेक वेळां पिल्लूं नसतेंच. कुत्री वर्षांतून साधारणतः दोनदां माजावर येते. त्यांतल्या एकाच वेळीं तिचा संयोग करावयाचा म्हटलें, तर गिऱ्हाइकाला कांहीं महिने वाट पाहावी लागणारच. ‘उद्यां घेऊन जा’ असें जेथें उत्तर मिळतें तेथें सावध व्हावें. ‘पुढच्या वेताच्या वेळीं नांव लिहून ठेवतों’ असें जेथें मिळतें तेथें बोलणें पुढें चालवावें.

या दोघांतला भेद ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. किंमत विचारण्याच्या आधीं विचारावें : याची आई कोठें आहे ?

पिल्लाची आई प्रत्यक्ष, आणि तीहि पिल्लांसह, पाहिल्यावांचून पिल्लूं घेऊं नये. कुत्रीचे दिवस ६३ च्या सुमारास भरतात, पिल्लांचे डोळे दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात, आणि पुढें कित्येक आठवडे तीं आईच्या अंगावर पितात. तेव्हां पिल्लें जर खरोखर त्या घरीं जन्मलीं असतील, तर आई दूर असण्याचें कारणच काय ? ‘ती गांवीं आहे’, ‘आजच फिरायला नेली आहे’, ‘भावाच्या घरीं ठेवली आहे’ हीं उत्तरें ऐकून परत फिरावें. ‘ती चावते, म्हणून मागें बांधली आहे’ हें उत्तर तर सर्वांत वाईट. कारण कुत्र्याचा स्वभाव कांहीं अंशीं रक्तांतून येतो आणि कांहीं अंशीं आईच्या सहवासांत घडतो. जी कुत्री परक्या माणसाच्या वाऱ्याला उभी राहत नाहीं, तिचें पिल्लूं लहान मुलांच्या घरांत आणणें हें धाडसच होय.

क्वचित् दुसरीच एखादी कुत्री आई म्हणून पुढें केली जाते. ती लबाडी ओळखणें कठीण नसतें. पाजणाऱ्या कुत्रीचे सड लोंबलेले व दुधाचे दिसतात, आणि ती जवळ येतांच पिल्लें तिच्या पोटाशीं धांव घेतात. पाजणारी आई थोडी रोडावलेली व केंस गळालेली असली तर त्यांत नवल नाहीं. चार-सहा पिल्लांचें पोट तिच्यावर चालत असतें. परंतु तिच्या अंगावर जखमा आहेत काय, डोळ्यांत पू आहे काय, धन्याचा हात वर होतांच ती दबते कीं शेपूट हलविते, हें अवश्य पाहावें. बाप मात्र तेथें नसला तर त्यांत संशय घेण्यासारखें कांहीं नाहीं. चांगला पैदासकार घरचाच कुत्रा सोयीचा म्हणून लावीत नाहीं. योग्य कुत्र्यासाठीं कुत्रीला दूरच्या गांवींहि नेतो. अशा वेळीं बापाचें छायाचित्र, त्याचे कागद आणि त्याच्या धन्याचा पत्ता त्यानें आपण होऊन दाखवावा.

आईकडे पाहण्यांत केवळ गिऱ्हाइकाचा स्वार्थ नाहीं. कित्येक ठिकाणीं पुढच्या खोलींत स्वच्छ सतरंजी, तीवर दोन गोंडस पिल्लें आणि भिंतीवर बक्षिसांच्या फिती असतात. आणि मागच्या अंधाऱ्या खोलींत लोखंडी पिंजऱ्यांतून त्या पिल्लांच्या आया वेतामागून वेत काढीत पडलेल्या असतात. गिऱ्हाइकानें आई पाहण्याचा आग्रह धरला नाहीं म्हणजे त्या मागच्या खोलीचें दार कधींच उघडत नाहीं. इंग्लंडमध्यें याच कारणासाठीं कायदा करावा लागला. वेल्समधील अशाच एका जागेंतून २०१३ सालीं लूसी नांवाची कॅव्हेलियर जातीची एक कुत्री सोडविण्यांत आली. सततच्या बाळंतपणांनीं तिचें शरीर मोडून गेलें होतें. ती २०१६ सालीं मेली. तिचें नांव लोकांनीं ज्या कायद्याला दिलें तो ६ एप्रिल २०२० पासून तेथें अमलांत आला, आणि सहा महिन्यांच्या आंतील पिल्लूं दुकानदारानें वा दलालानें विकण्यास बंदी झाली. पिल्लूं घ्यावयाचें तर तें त्याच्या जन्मस्थानीं, आईजवळ पाहूनच घ्यावयाचें.

आपल्याकडेहि कायदा नाहीं असें नाहीं. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखालीं २०१७ सालीं कुत्र्यांच्या पैदाशीचे व विक्रीचे नियम केंद्र सरकारनें केले. त्यांप्रमाणें पैदासकारानें राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. कुत्री १८ महिन्यांची होण्यापूर्वीं तिच्याकडून वीण घेतां येत नाहीं. वर्षांतून एकाहून अधिक आणि उभ्या आयुष्यांत पांचाहून अधिक वेतें घेतां येत नाहींत. आठ आठवड्यांच्या आंतील पिल्लूं विकतां येत नाहीं. तेव्हां नोंदणीचें प्रमाणपत्र दाखविण्यास सांगणें म्हणजे विकणाऱ्याचा अपमान करणें नव्हे. औषधाच्या दुकानांत परवाना भिंतीवर टांगलेला असतो, त्यांतलाच हा प्रकार. ‘कुत्रीचें वय काय, आणि हें तिचें कितवें वेत ?’ हा प्रश्नहि मोकळेपणानें विचारावा. ज्यानें तिला लेकीप्रमाणें वागविलें आहे त्याला उत्तर आठवावें लागत नाहीं.

आठ आठवड्यांची अट अनेकांना उगीच घातलेली वाटते. पिल्लूं जितकें लहान तितका त्याला लळा लवकर लागेल, अशी एक समजूत घरोघर आहे, आणि विकणारेहि ती जोपासतात. कारण महिन्याचें पिल्लूं विकलें म्हणजे पुढच्या महिन्याचें खाणें आणि लस यांचा खर्च वांचतो. परंतु ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेंतील मेन संस्थानांत बार हार्बर येथील प्रयोगशाळेंत स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें कुत्र्यांच्या पिल्लांचा अभ्यास केला आणि १९६५ सालीं तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. त्यांना असें आढळलें कीं, तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिल्लाच्या मनाच्या घडणीचा काळ असतो. या काळाच्या पूर्वार्धांत तें आई आणि भावंडें यांच्याबरोबर कुत्रेंपण शिकतें. भावंडाला जोरानें चावलें कीं तें केकाटतें आणि खेळ मोडतो, या अनुभवांतून चावा किती हलका असावा हें त्याला कळतें. ज्याला महिन्याच्या वयांत उचलून आणलें, त्याला हा धडा मिळतच नाहीं. मग तोच धडा घरांतील मुलांच्या बोटांवर गिरविला जातो.

उलट बाजूहि तितकीच महत्त्वाची. त्याच परंपरेंतील एका प्रयोगांत, जो १९६१ सालीं प्रसिद्ध झाला, पिल्लें एका मोठ्या कुंपणांत माणसाच्या संपर्कावांचून वाढविण्यांत आलीं. अन्न-पाणी कुंपणाच्या भोंकांतून मिळे. मधल्या आठवड्यांत ज्यांना माणसाचा सहवास मिळाला तीं माणसाळलीं. चौदाव्या आठवड्यापर्यंत ज्यांना तो मिळाला नाहीं, तीं रानटी जनावरासारखीं माणसापासून पळत राहिलीं. म्हणजे पिल्लूं आठ आठवडे आईजवळ राहिलें एवढ्यानें भागत नाहीं. तें कोठें राहिलें हें पाहिलें पाहिजे. गच्चीवरच्या पिंजऱ्यांत वाढलेल्या पिल्लाला कुकरची शिटी, दाराची घंटा, झाडू, पोरांचा गोंगाट हें सर्व राक्षसासारखें वाटतें. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं वाढलेलें पिल्लूं शिटी झाली तर एक कान हलवितें आणि पुन्हां झोंपतें. पैदासकाराच्या घरीं गेल्यावर एखादी किल्ली सहज जमिनीवर पाडून पाहावी. सारींच पिल्लें दचकतील. पण क्षणभरानें तीं पुढें येऊन किल्ली हुंगतात, कीं कोपऱ्यांत दडून बसतात, हें पाहण्यासारखें असतें.

वयाची थाप पकडण्यास दांत उपयोगी पडतात. दुधाचे दांत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत फुटूं लागतात आणि आठवा आठवडा सरेपर्यंत सर्व २८ दांत बहुधा आलेले असतात. ज्याच्या तोंडांत पुढचे दांत नुकते टोंचूं लागले आहेत आणि दाढांचा पत्ता नाहीं, तें पिल्लूं ‘दोन महिन्यांचें’ खचित नव्हे.

आतां ज्या दुखण्यानें पुष्कळ घरांतून आठवड्याच्या आंत रडारड झाली आहे, त्याविषयीं. पार्व्हो या नांवानें ओळखला जाणारा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. तो पिल्लाच्या आंतड्यांचें अस्तर नष्ट करतो. उलट्या, रक्ताची हगवण आणि दोन-तीन दिवसांत पुष्कळदां मृत्यु. विषाणू शरीरांत शिरल्यापासून लक्षणें दिसूं लागण्यास साधारणतः चार ते सात दिवस लागतात, आणि सर्व घोटाळा होतो तो या मधल्या दिवसांमुळें. सोमवारीं टोपलींतून आलेलें पिल्लूं उड्या मारीत असतें. शुक्रवारीं तें अन्नाला तोंड लावीत नाहीं. विकणारा म्हणतो, ‘आमच्याकडे ठणठणीत होतें, तुमच्या घरींच कांहीं तरी खाल्लें.’ तो खोटें बोलत असेलच असें नाहीं. पिल्लूं खरोखरच ठणठणीत दिसत होतें. परंतु चार ठिकाणचीं पिल्लें एका टोपलींत, एका गाडींत, एका दुकानांत एकत्र आलीं म्हणजे एकाचा रोग सर्वांना होणार, हेंहि त्याला ठाऊक असतें. आणखी एक दुःखद गोष्ट अशी कीं, हा विषाणू घरांत व अंगणांत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाहीं. पहिलें पिल्लूं गेलें म्हणून मुलांच्या समाधानासाठीं आठवड्यानें दुसरें आणलें, तर तेंहि त्याच वाटेनें जाण्याचा संभव असतो.

यावर उपाय म्हणजे लस. पण ती केव्हां आणि किती वेळां, हें समजून घेतलें पाहिजे. आईच्या पहिल्या दुधांतून पिल्लाला कांहीं काळाचें संरक्षण मिळतें. तें संरक्षण आहे तोंपर्यंत लस नीट लागू पडत नाहीं, आणि तें नेमकें कोणत्या दिवशीं संपेल तें सांगतां येत नाहीं. कोणाचें सहाव्या आठवड्यांत, कोणाचें बाराव्या आठवड्यानंतर. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दोन-चार आठवड्यांच्या अंतरानें लस पुन्हां पुन्हां द्यावयाची, ती सोळावा आठवडा पुरा होईपर्यंत. ‘सर्व लसी झाल्या आहेत’ असें दोन महिन्यांच्या पिल्लाविषयीं जो सांगतो, त्याला एक तर माहिती नाहीं, किंवा गिऱ्हाइकाला नाहीं असें तो धरून चालला आहे. अलर्काची लस तर तीन महिन्यांच्या सुमारास द्यावयाची असते. लसीचें कार्ड पाहावें. त्यावर बाटलीवरची चिकटपट्टी आणि तीवरील घाण क्रमांक, तारीख, पशुवैद्याची सही व नोंदणी क्रमांक हीं असावींत. नुसत्या निळ्या शाईनें लिहिलेली तारीख ही लस नव्हे. कांहीं लोक लस स्वतःच टोंचतात. ती २ ते ८ अंश तापमानांत ठेवलेली नसली तर टोंचली काय आणि न टोंचली काय, सारखेंच.

कागदपत्रांचा महिमा मात्र गरजेपेक्षां अधिक वाढलेला आहे. चेन्नई येथील केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवते आणि वंशावळीचें प्रमाणपत्र देते. नोंदणीसाठीं पिल्लाच्या मानेपाशीं कातड्याखालीं तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसविलेली असते, आणि तिचा १५ आंकडी क्रमांक पशुवैद्याच्या यंत्रावर वाचतां येतो. कागदावरील क्रमांक आणि कातड्याखालचा क्रमांक एकच आहे याची खातरी करून घेणें हें पांच मिनिटांचें काम. परंतु हें प्रमाणपत्र म्हणजे जन्माचा दाखला आहे, प्रकृतीचा नव्हे. आजा-पणजांचीं नांवें त्यावर असतात. त्यांच्या हाडांचा, डोळ्यांचा वा स्वभावाचा एकहि शब्द नसतो. ‘कागदासह’ आणि ‘कागदावांचून’ अशा दोन किंमती सांगणाऱ्याचा हेतु काय असेल, हें तर निराळें सांगावयास नकोच.

तरीहि वंशावळ वाचावी, आणि ती वाचण्याची एक रीत आहे. आपल्या समाजांत लग्न ठरवितांना गोत्र पाहण्याची इतकी संवय, कीं सगोत्र म्हणतांच कित्येक घरांत बोलणें थांबे. तींच माणसें पिल्लाची वंशावळ हातीं घेऊन, एकच नांव बापाकडे आजोबा आणि आईकडे बाप म्हणून आलेलें पाहतात, आणि तें नामांकित कुत्र्याचें असल्यामुळें खूष होतात. दोन सख्ख्या भावंडांच्या संयोगांत पिल्लाच्या रक्तसंकोचाचें प्रमाण २५ टक्के, आजा आणि नात यांच्यांत १२.५ टक्के, चुलत भावंडांत ६.२५ टक्के येतें. याचा अर्थ, शरीरांतील गुणसूत्रांच्या कोणत्याहि एका जागीं एकाच पूर्वजाची तीच प्रत दोन्ही बाजूंनीं येण्याचा तेवढा संभव. त्या प्रतींत दोष असला तर तो उघडा पडणार. लॅब्रॅडॉर जातींत डोळ्यांचा पडदा हळूहळू झिजून आंधळेपण येणारा एक रोग आहे. दोष एकाच बाजूनें आला तर कुत्रा आयुष्यभर डोळस राहतो. पण असे दोन वाहक एकत्र आले तर सरासरीनें चार पिल्लांत एक आंधळें होतें, आणि तेंहि घरच्यांना पुरता लळा लागल्यावर, ऐन वयांत. गालाच्या आंतून कापसाची काडी फिरवून डीएनए तपासणीनें हा दोष आतां आधींच कळतो. दोन्ही वाहक एकत्र आणावयाचे नाहींत, एवढी खबरदारी घेतली कीं भागतें.

खुब्याचा विकार इतका सरळ नाहीं. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर यांसारख्या मोठ्या जातींत मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटींत नीट बसत नाहीं. चालतां चालतां सांधा झिजतो, आणि पांच-सहा वर्षांचें कुत्रें म्हाताऱ्यासारखें उठतें. यांत अनेक गुणसूत्रांचा हात असतो. म्हणून एका तपासणीनें निकाल लागत नाहीं, आई-बापांच्या खुब्यांचे क्ष-किरण फोटो काढावे लागतात. ब्रिटनमध्यें कुत्रें एक वर्षाचें झाल्यावर हा फोटो तज्ज्ञांकडे जातो आणि प्रत्येक खुब्यास ० ते ५३ असे गुण मिळतात. जितके कमी तितकें चांगलें. अमेरिकेंतील १९६६ सालीं स्थापन झालेली संस्था दोन वर्षें पुरीं झाल्यावांचून अंतिम दाखला देत नाहीं. आपल्याकडे सर्वच पैदासकार हा फोटो काढतात असें नाहीं. परंतु ‘आई-बापांच्या खुब्यांचा फोटो आहे काय ?’ असें विचारल्याबरोबर जो फोटो नसल्याचें कबूल करून, आई-आजीच्या चालण्याविषयीं मोकळेपणानें सांगतो तो, आणि ‘आमच्या रक्तांत असलें कांहीं नाहीं’ म्हणून जो झिडकारतो तो, यांतला फरक ऐकणाराला कळतो. येथें गिऱ्हाइकाचाहि कांहीं वांटा आहे. अमेरिकेंत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर त्यांच्या आयुष्यभर चाललेला एक प्रयोग २००२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत जोडीदारापेक्षां चतुर्थांश कमी खाणें मिळालेलीं कुत्रीं जवळ जवळ दोन वर्षें अधिक जगलीं आणि त्यांचे सांधेहि उशिरां दुखूं लागले. तेव्हां पैदासकाराला दोष देण्यापूर्वीं ताटांतल्या उरलेल्या पोळ्या कोण घालतें, हेंहि पाहावें.

कांहीं जातींच्या बाबतींत मात्र उत्तम पैदासकारहि फारसें कांहीं करूं शकत नाहीं. २००३ सालीं एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातींत पग जातीचें एक कुत्रें एका लहान मुलाच्या मागें मागें फिरतांना दिसलें, आणि घरोघर पगची मागणी सुरू झाली. चेहरा चपटा करण्याच्या हौसेनें या जातीचें नाक इतकें आंखूड केलें गेलें आहे, कीं आंतले मऊ भाग मात्र तेवढेच राहून श्वासाची वाट अडते. ज्या घोरण्याला लोक हंसतात तें बहुधा श्वासासाठीं चाललेलें झगडणें असतें. कुत्रें घामानें नव्हे, तर धापा टाकून अंग थंड करतें. ज्याला धापच नीट टाकतां येत नाहीं त्याला नागपूरचा उन्हाळा कसा सोसावा? बुलडॉग जातीचीं बहुसंख्य पिल्लें तर ब्रिटनमध्यें पोट फाडूनच बाहेर काढावीं लागतात, असें तेथील पाहणींत दिसून आलें आहे. ज्याला हाच चेहरा हवा असेल त्यानें निदान नाकपुड्या उघड्या असलेल्या, जिना चढून आल्यावर न घोरणाऱ्या आई-बापांचें पिल्लूं शोधावें.

आणि इतक्या दूर तरी कां जावें ? दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक यांच्या सीमेवरील खेड्यांतून कारवानी नांवाचा शिडशिडीत, खोल छातीचा, वाऱ्यासारखा धांवणारा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या पाळला जात आहे. घटप्रभेच्या कांठच्या मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं या जातीला आश्रय दिला आणि विलायतेच्या भेटींत पंचम जॉर्ज बादशहांना या जातीचीं पिल्लें नजर केलीं, अशी कथा प्रसिद्ध आहे. तेव्हांपासून मुधोळ हाउंड हें नांव रूढ झालें. २००५ सालीं टपालखात्यानें काढलेल्या चार कुत्र्यांच्या तिकिटांत मुधोळला स्थान मिळालें, आणि २०१६ सालीं या जातीचीं पिल्लें सैन्यानें मेरठच्या केंद्रांत शिक्षणासाठीं नेलीं. २०२० सालीं पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरील भाषणांत नांव आल्यावर शहरांतून मागणी आणखी वाढली, आणि मागणीच्या मागोमाग लबाडीहि आली. आठ आठवड्यांच्या वयांत सर्वच पिल्लें गुबगुबीत असतात. त्यांतलें कारवानी कोणतें आणि ग्रेहाउंडचा संकर कोणता, हें पिल्लाकडे पाहून सांगतां येत नाहीं. येथेंहि आई पाहणें हाच उपाय. मुधोळजवळ तिम्मापूर येथें कर्नाटकाच्या पशुविज्ञान विद्यापीठाचें संशोधन केंद्र २००९ पासून आहे. तेथें चौकशी करावी. खेड्यांतील मेंढपाळापाशीं कागद नसेल, परंतु कुत्रीची आजी कोणाच्या वाड्यांतली होती, तें तो न अडखळतां सांगेल, आणि त्याच्या अंगणांत आई, मावशी आणि भावंडें एकदम पाहावयास मिळतील. तेवढी माहिती शहरांतल्या पुष्कळ छापील वंशावळींत नसते. मात्र हा कुत्रा दोन खोल्यांच्या बिऱ्हाडासाठीं नव्हे. त्याला रोज मोकळ्या मैदानांत धांवावयास मिळालें पाहिजे. आणि या बांध्याच्या कुत्र्यांना कांहीं गुंगीचीं औषधें बेतानें द्यावीं लागतात, हें शस्त्रक्रियेच्या वेळीं पशुवैद्यास आठवण करून द्यावें.

असा प्रामाणिक मनुष्य सांपडला म्हणजे एक चमत्कारिक अनुभव येतो. गिऱ्हाईक त्याची परीक्षा पाहण्यास गेलेलें असतें आणि तोच गिऱ्हाइकाची परीक्षा घेऊं लागतो. घर स्वतःचें कीं भाड्याचें ? दिवसा घरीं कोण असतें ? सोसायटींत कोणी हरकत घेतली तर काय कराल ? मे महिन्यांत गांवीं जातांना कुत्रें कोठें ठेवाल ? पूर्वीं कुत्रें होतें काय, आणि त्याचें काय झालें ? कित्येकांना याचा राग येतो. पैसे मोजून वर ही उलटतपासणी कशाला, असें त्यांना वाटतें. परंतु ज्यानें पहांटे तीन वाजतां उठून त्या पिल्लाचें तोंड पुसलें आहे, त्याला तें कोठें जातें हें विचारण्याचा अधिकार आहे. कधीं कधीं तो स्पष्ट नकार देतो : तुमच्या घरांत म्हातारी माणसें आहेत, हें कुत्रें त्यांना पाडील, दुसरी जात पाहा. विक्री टाळणारा हा विक्रेता लक्षांत ठेवावा. असा मनुष्य बहुधा एक अट घालतो, आणि ती लेखी घ्यावी : पुढें कोणत्याहि कारणानें कुत्रें सांभाळणें अशक्य झालें तर तें इतरत्र न देतां त्याच्याकडेच परत आणावयाचें. पावती, लसीचें कार्ड, जंताच्या औषधाच्या तारखा, पिल्लूं सध्यां काय आणि कितीदां खातें याची चिठ्ठी, हें सर्व तो न मागतां देतो.

ज्यांना अमुकच जात हवी असा आग्रह नाहीं, केवळ सोबत हवी आहे, त्यांनीं पैदासकाराच्या दारीं जाण्याचें कारणच नाहीं. आपल्या गल्लींतल्या गांवठी कुत्रीचीं पिल्लें बहुधा काटक असतात, त्यांची आई रोज डोळ्यांपुढें असते, आणि तिच्या स्वभावाची साक्ष साऱ्या आळीकडून फुकट मिळते. लस आणि आठ आठवडे, हे दोन नियम तेथेंहि तेच.

पिल्लूं घरीं आणल्यावर दोन दिवसांच्या आंत तें आपल्या पशुवैद्याकडे न्यावें. मुंबईकरांना परळच्या बाई साकरबाई रुग्णालयाची सोय १८८३ पासून आहे. इतर शहरांतूनहि पशुवैद्य मिळतातच. हृदयाची धडधड, टाळू, बेंबीजवळचा हर्निया, डोळे, कान, आणि नर असेल तर वृषण उतरले आहेत काय, एवढें त्यांच्याकडून पाहून घेऊन तें कागदावर लिहून घ्यावें, म्हणजे पैदासकाराशीं बोलतांना भांडणाचें कारण राहत नाहीं. निघतांना त्याच्या घरून आईच्या अंथरुणांतला एक फडक्याचा तुकडा मागून आणावा. पहिल्या रात्रीं पिल्लूं रडेल. तो तुकडा त्याच्या अंथरुणांत ठेवला आणि धाकट्या मुलीची चटई शेजारीं घातली, कीं दोन वाजेपर्यंत दोघेंहि झोंपतात.